नंबर नसलेला रिपोर्ट

डॉक्टरांच्या बहिणीचं पत्र आलं तेव्हा मी कुवेतमध्ये, अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमध्ये गवार मोडत बसले होते. पाकीट जाड होतं. आत दोन कागद निघाले, एक पत्र आणि एक टाईप केलेलं पान. ते पान मी लांबूनच ओळखलं. आमच्या मशीनचा 'ई' थोडा वर उडायचा, आणि त्या पानातले सगळे 'ई' वर उडालेले होते. पानाच्या कोपऱ्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'फाईल नंबर?'

पत्र इंग्रजीत होतं आणि फार सभ्य होतं. मराठीत सांगायचं तर असं: माझा भाऊ फेब्रुवारीत गेला हे तुम्हाला हॉस्पिटलमधून कळलंच असेल. त्याचं चौथं पुस्तक छापायला गेलं आहे. कवितांच्या फोल्डरमध्ये सर्वांत शेवटी हे पान होतं. ही कविता आहे की हॉस्पिटलचा कागद आहे, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. प्रकाशक म्हणतात, टाईप करणाऱ्या बाईंना विचारा. वरच्या चिठ्ठीत लिहिलंय ते कवितेचं नाव आहे का? आणि एक शेवटचं. त्याला आपल्या आजाराची कल्पना होती का? तो आम्हाला काहीच बोलला नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत छपाई थांबवली आहे.

मी गवार बाजूला ठेवली आणि माझं डोकंच फिरलं. कविता की रिपोर्ट, हे मी सांगायचं! शाळेत कवितेचा तास लागला की मी वहीच्या मागच्या पानावर ठिपक्यांची रांगोळी काढत असे. आणि आता इंग्लंडात एक छापखाना माझ्यासाठी थांबला होता.

हे डॉक्टर आमच्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट होते, म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर. मी त्यांची टायपिस्ट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ह्यांना इथल्या राई भागातल्या एका एअर कंडिशनर शोरूममध्ये नोकरी लागली, आम्ही कुवेतला आलो आणि वर्षभरात मला हे काम मिळालं. काम सोपं होतं. डॉक्टर दोन दारांच्या आड, अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रेच्या प्लेटा पेटीवर लावायचे. पेटीत दिवा असतो, त्या उजेडात प्लेट दिसते. बघता बघता ते मशीनमध्ये बोलायचे. ती कॅसेट माझ्याकडे यायची. मी कानाला हेडफोन लावून, पायाने पेडल दाबत, ऐकलेलं टाईप करायचे.

नियम एकच होता. प्रत्येक रिपोर्ट नंबराने सुरू झाला पाहिजे. नंबर नसेल तर रिपोर्ट पुढे जात नाही. मूळ कागद चिठ्ठी लावून डॉक्टरांकडे परत, कार्बन कॉपी लाल ट्रेमध्ये, आणि कॅसेट माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात, नंबर येईपर्यंत. बाकी कॅसेटी पुसून पुन्हा वापरायच्या. हा नियम मी केलेला नव्हता, पण सबंध हॉस्पिटलात तो पाळत होते मी एकटी.

डॉक्टर इंग्रज, उंच, किंचित वाकलेले, आणि मे महिन्यात बाहेर रस्ता वितळत असताना अंगात तपकिरी लोकरीचं स्वेटर. कुणी विचारलं तर म्हणत, "बाहेर कुवेत आहे. आत एसीमध्ये माझं गाव आहे. मी गावात काम करतो." दुपारच्या जेवणाला खुब्ज, म्हणजे इथली भाकरी, काखेत वर्तमानपत्रासारखी धरून कॉरिडॉरमधून चालत यायचे. कागदात गुंडाळायचा पत्ता नाही. राहायला रुमैथियात होते, पण कित्येक शुक्रवारी त्यांची जुनी गाडी आमच्या इमारतीसमोर समुद्राकडे तोंड करून उभी दिसायची. काचा बंद करून आत बसायचे आणि उकडलेलं अंडं सोलून खायचे. मी बाल्कनीतून हाक मारायचे, "डॉक्टर, वर या, चहा घ्या!" ते हात हलवायचे आणि अंडं सोलत राहायचे. समुद्र बघायचा तर काच खाली करायला काय होतं, हे मला कधी कळलं नाही.

पेशंटला भेटायचं ते टाळत. प्रत्येक प्लेटला मात्र "गुड मॉर्निंग" म्हणत. ते कॅसेटवर यायचं, आणि सुरुवातीला महिनाभर मी ते इमानेइतबारे टाईपही केलं. त्यांना विशेषणांचा तिटकारा होता. मी एकदा 'बरीच मोठी सावली' असं टाईप केलं, कारण ते मला तसं ऐकू आलं होतं. ते कागद घेऊन बाहेर आले. "मी असं बोललो? शक्य नाही. सावली मोठी नसते, बाई. सावली चार सेंटिमीटर असते. मोजता येत नसेल तर गप्प बसावं."

ते कवी आहेत हे कळलं ते एका गुडघ्यामुळे.

आमच्याकडे एक इजिप्शियन सर्जन होते. आवाज मोठा, माणूस लोण्यासारखा. एक दिवस ते माझ्या टेबलावर कागद आपटून उभे राहिले.

"एह दा, मदाम? हे काय आहे? मी गुडघा पाठवला. हा कोट कुणाचा?"

मी कागद पाहिला. सांध्यातली जागा कमी झाली आहे. हाड झिजलं आहे. माझ्या वडिलांचा कोट अजून दाराआड आहे. पुढे सही.

आता हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टरांच्या भाषेत फुफ्फुसात फुलपाखरं असतात, कसले कसले घड असतात. मला वाटलं, असेल गुडघ्यात कोट. मी सर्जनला घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. आमच्या डॉक्टरांनी कागद पेटीच्या उजेडात धरला, दोनदा वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "गुडघ्याचा भाग बरोबर आहे. कोटाच्या ओळीतलं 'अजून' काढा. 'अजून'मुळे मी रडतोय असं वाटतं."

सर्जन आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिले. मग खो खो हसत सुटले. त्या दिवसापासून ते कॉरिडॉरमध्ये भेटले की मला विचारायचे, "मदाम, त्या कोटाचं काय झालं?" मी म्हणायचे, "अजून दाराआडच आहे, डॉक्टर." वर्षानुवर्षं आमचं हे चाललं होतं.

तर प्रकार असा होता की त्यांना हातात पेन धरून कविता सुचत नसे. प्लेटा वाचता वाचता मध्येच सुचायची आणि मशीन चालूच असायचं. "आता कविता" असं सांगायची पद्धत नाही. आवाज तोच, संथ, थंड. शब्दही तसेच साधे. वर विशेषणं नाहीत. बरगडी कुठे संपते आणि कविता कुठे सुरू होते, हे मी ओळखायचं कसं? मी त्यांना एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "डॉक्टर, कवितेच्या आधी खोका तरी." ते म्हणाले, "खोकलो तर ती जाईल."

शेवटी माझं मीच शोधून काढलं. कॅसेट नीट ऐकली की मध्ये बारीकसा 'टक' असा आवाज यायचा. पेटीचं बटण. रिपोर्ट सांगताना दिवा लागलेला असायचा. कविता आली की ते दिवा बंद करायचे आणि काळोखात बोलायचे. संपली की पुन्हा टक, आणि पुढची प्लेट. म्हणजे दिवा चालू तर रिपोर्ट, दिवा बंद तर कविता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी दिवा बंद करतो?" म्हणाले. ते सोंग होतं की खरं, देव जाणे.

त्यानंतर माझी चूक झाली नाही, निदान मला तसं वाटत होतं. फक्त एक भांडण उरलं होतं, ते कागदाचं. सांगलीच्या टायपिंग क्लासमध्ये आमचे सर हातात पट्टी घेऊन मागे उभे असायचे. उजवीकडे जागा मोकळी सोडली की पट्टी खाडकन टेबलावर. ओळ समासापर्यंत भरलीच पाहिजे. मी त्यांच्या कविता तशाच टाईप करत होते, डावीकडून उजवीकडे गच्च, पान भरून. दोन महिने ते काही बोलले नाहीत. मग एकदा माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले.

"बाई, तुमची ओळ कुठे संपते?"

"समास आला की."

"माझी श्वास संपला की संपते. ऐका."

मी हेडफोन लावून ऐकलं. खरंच, तीनचार शब्द झाले की ते थांबत होते. बारीकसा श्वास घेत आणि पुढे बोलत. इतके दिवस मला वाटत होतं, म्हाताऱ्याला दम लागतो. त्या दिवसापासून मी जिथे श्वास तिथे कॅरेज ढकलू लागले. अर्धा कागद कोरा जाताना माझा जीव तुटायचा. त्यांनी माझं नाव 'मिसेस मार्जिन' ठेवलं आणि शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारली.

त्यांची तीन पुस्तकं निघाली होती. सगळी बोटाएवढ्या जाडीची. तिकडे लोक त्यांना मानत असावेत, कारण एकदा त्यांनी मला एका मासिकाचं कात्रण दाखवलं. टीकाकाराने लिहिलं होतं की या कवीच्या कविता फार थंड आहेत. डॉक्टर खूश! "बरोबर ओळखलं त्याने. एसी केवढा लावलाय." मला वाटलं, या माणसाला शिवी आणि शाबासकी यांतला फरक कळत नाही. मी त्यांना विचारलं, रिपोर्ट लिहिताना तुम्ही इतके जपता, मग कवितेत एवढं काय खाडाखोड करता? तिथे तर काही बिघडत नाही. म्हणाले, "रिपोर्टात खोटं बोललो तर कुणीतरी मरतं, मिसेस मार्जिन, आणि मी पकडला जातो. कवितेत खोटं बोललो तर कुणी मरत नाही आणि मी पकडला जात नाही. म्हणून तिथे जास्त जपायचं." हे मी ह्यांना घरी येऊन सांगितलं. ह्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "पुन्हा सांग." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मलाही कळेनासं झालं.

आमच्याकडे ते एकदाच जेवायला आले. वरणभात चमच्याने खाल्ला, तूप वेगळ्या वाटीत घेतलं आणि तेही चमच्याने प्यायले. ह्यांनी विचारलं, "डॉक्टर, कवितेचा उपयोग काय?" त्यांनी उलट विचारलं, "एअर कंडिशनरचा काय?" हे धंद्यातले. वीस मिनिटं कॉम्प्रेसर समजावून सांगत बसले. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "कवितेचंही जवळपास असंच असतं." आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मी तिला मराठीत म्हटलं, काकांचं पुस्तक वाचून दाखव. तिने दोन पानं वाचली आणि इंग्रजीत सांगून टाकलं, "अंकल, इट डझन्ट राईम." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते मात्र तिच्याशी उभं राहून हस्तांदोलन करून म्हणाले, इतकी स्वच्छ टीका आजवर कुणी केली नाही.

वडिलांच्या कोटाबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं. रमजान होता, ड्यूटी कमी तासांची, पेशंट तुरळक. मी नुसतं विचारलं, "डॉक्टर, तो कोट खरंच होता का?" ते म्हणाले, वडील कापडगिरणीत होते. छातीत कापूस गेला आणि ते खोकत खोकत गेले. आईने त्यांचा कोट दारामागच्या खुंटीवरून काढला नाही, कुणाला हातही लावू दिला नाही. "ती बाजारात गेली की मी दरवर्षी एकदा तो घालून बघायचो. दरवर्षी तो मला मोठाच व्हायचा. मी वाढत होतो, पण कोटही वाढत होता." मी म्हटलं, असं कसं होईल? म्हणाले, "तेच मी चाळीस वर्षं लिहितोय."

आता त्या पानाबद्दल.

मी सांगलीला रजेवर जाणार होते. दोन दिवसांवर विमान. टेबलावर चाळीस रिपोर्ट पडलेले, डोक्यात सामानाच्या पेट्या. त्यांतल्या एका कॅसेटवर छातीच्या प्लेटचा एक रिपोर्ट होता, नंबर न सांगता सुरू झालेला. मी तो खाडखाड टाईप केला, समासापर्यंत भरून. नियमाप्रमाणे चिठ्ठी लावली, 'फाईल नंबर?' कार्बन लाल ट्रेमध्ये टाकला, कॅसेट ड्रॉवरमध्ये. कागद घेऊन त्यांच्या दारात गेले आणि वैतागून म्हणाले, "डॉक्टर, नंबर!"

त्यांनी कागद घेतला. "येईल, मिसेस मार्जिन. पेशंट कुठे जात नाही."

दीड महिन्याने मी परत आले तर त्यांचं स्वेटर त्यांना ढगळ झालं होतं. मला वाटलं, उन्हाळ्यात इंग्रज वाळत असतील. त्यांनी मला फोल्डर दाखवलं. पुस्तक जवळपास पुरं झालं होतं, शेवटचं एकच पान राहिलं होतं म्हणे. मी विचारलं, "तो नंबर?" ते म्हणाले, "बघतो." ऑक्टोबरात ते दोन महिन्यांच्या रजेवर इंग्लंडला गेले आणि परत आलेच नाहीत. फेब्रुवारीत नोटीस बोर्डावर चार ओळींचा कागद लागला. तोही मीच टाईप केला होता.

बहिणीचं पत्र हातात घेऊन बसले तेव्हा मला एकच गोष्ट राहून राहून आठवत होती. मी त्यांना नंबर दोनदा विचारला. तब्येत एकदाही विचारली नाही.

हे म्हणाले, "एवढा विचार कसला करतेस? लिहून टाक, कविता आहे म्हणून. बहिणीला बरं वाटेल, पुस्तक निघेल."

"आणि रिपोर्ट असला तर?"

"तर काय? पेशंट थोडाच कज्जा करणार आहे!"

मला ते पटेना. मी आयुष्यात एक शब्द चुकीचा टाईप केला असेन, दोन केले असतील, पण जाणूनबुजून एकही नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले आणि आधी ड्रॉवर उघडला. कॅसेट होती तिथेच. नंबर आला नव्हता ना, म्हणून ती कुणी पुसली नव्हती. हेडफोन लावले, पेडल दाबलं आणि या वेळी घाई न करता ऐकलं.

टक. दिवा लागला. या प्लेटला त्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं नव्हतं, हेही मला आता जाणवलं. छातीची प्लेट, समोरून. पुरुष, वय अठ्ठावन्न. हृदयाचा आकार ठीक. डाव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला सावली, चार सेंटिमीटर. कडा अस्पष्ट. तुलनेसाठी जुनी प्लेट उपलब्ध नाही.

आणि मग पुन्हा टक. दिवा बंद.

हा दुसरा आवाज घाईत माझ्या कानावरून गेला होता. कारण पुढेही ते त्याच सुरात बोलत होते आणि पहिलं वाक्य तर तेच होतं, जुनी प्लेट उपलब्ध नाही. मग दार होतं, खुंटी होती. मी ते सगळं एका दमात रिपोर्टाच्या खाली ठोकून दिलं होतं. कोट आला तरी मी थांबले नव्हते. कोटाची मला इतकी सवय झाली होती की ते हॉस्पिटलचंच काहीतरी वाटत होतं.

वय अठ्ठावन्न. डॉक्टरही अठ्ठावन्नचेच. मी खुर्चीवरून उठले आणि एक्स-रे काढणाऱ्या आमच्या टेक्निशियनकडे गेले. मालवणकडचे, एकटेच राहणारे, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. मी नुसता तो कागद पुढे धरला. त्यांनी वाचला नाही. बघूनच खाली बसले.

"वयनी, तेंनीच माका बोलावल्यानी. सगळे जेवूक गेले होते. म्हणाले, एक प्लेट काढ, नाव लिहू नको. मी इचारलंय, कोणाची? तर शर्ट काढून उभेच रवले."

"तुम्ही प्लेट पाहिलीत?"

"धुतलंय तेव्हाच दिसला माका. पण मी काय डॉक्टर? मी गप रवलंय."

"भाऊ, कुणाला सांगायचं तरी होतंत! मला सांगायचं!"

"कसा सांगतलंय? तेंनी माका शपथ घातली नाय, काय नाय. फक्त माझ्या खांद्यार हात ठेवल्यानी."

भाऊंना रडू आलं, आणि मला राग आला. भाऊंचा नाही, डॉक्टरांचा. जगभराच्या छात्या वाचून जे बाकीच्यांना उपचाराला पाठवत, त्यांनी स्वतःची प्लेट वाचून कविता करावी? वरून मला सांगावं, पेशंट कुठे जात नाही? पार ऑक्टोबरपर्यंत ते माझ्यासमोर काखेत भाकरी घेऊन फिरत होते. पुस्तक पुरं करायचं होतं म्हणून? की भीती वाटत होती? की वडील ज्या वाटेने गेले त्याच वाटेने जायचं मनात होतं? मी खूप डोकं चालवलं, पण मला ते उलगडलं नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही उलगडलेलं नाही.

भाऊंकडे प्लेटांचं रजिस्टर असतं. काढलेल्या प्रत्येक प्लेटला ओळीने नंबर पडतो, मग समोर नाव. मी ते उघडायला लावलं. जूनच्या पानावर एका ओळीत नंबर होता आणि पुढे काहीच नव्हतं. ४४१७. फाईल नंबर नव्हे, प्लेटचा नंबर. नियमाने तोही चालतो.

मी परत येऊन मशीनवर कोरा कागद चढवला. वर मधोमध ४४१७ टाईप केलं. पहिला टक ते दुसरा टक, तेवढा मजकूर रिपोर्टासारखा, समासापर्यंत गच्च भरून. दुसऱ्या टकनंतर पेडल दाबत, सोडत, पुन्हा दाबत, जिथे श्वास तिथे ओळ तोडली. खाली खाली कागद कोराच राहत गेला. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

जुनी प्लेट
उपलब्ध नाही.
दार आहे. खुंटी आहे.
कोट काढला,
हात घातले.
आता तो मला
होतो.

त्यांच्या कविता मी शेकडो टाईप केल्या होत्या. एकीचाही अर्थ मला लागला नव्हता. ही कळली आणि नको होती कळायला.

बहिणीला पत्र लिहायला मला तीन दिवस लागले, आणि झालं चार ओळींचं. लिहिलं की वरचा भाग रिपोर्ट आहे, खालची कविता आहे, आणि त्यांनी दोन्ही एकाच बैठकीत सांगितलं. चिठ्ठी माझी आहे, तिच्यावरचा प्रश्न आता सुटला आहे, उत्तर वर टाईप केलं आहे. शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. त्याला कल्पना होती का? ह्यांनी पुन्हा सांगितलं, नको लिहूस, त्या माउलीला आयुष्यभर लागून राहील. मी लिहिलं, "हो, त्यांना माहीत होतं." विशेषण लावलं नाही. मग हॉस्पिटलात जाऊन लाल ट्रेमधला कार्बन काढला, त्यावर ४४१७ घातलं आणि फाईलला लावला. कॅसेट पुसायला द्यायची होती. ती मात्र मी पर्समध्ये टाकून घरी आणली. एवढा एक नियम मोडला.

पुस्तक पुढच्या हिवाळ्यात आलं. शेवटच्या पानावर कवितेचं नाव ४४१७. वरचा भाग गच्च, खालचा तुटक, अगदी मी पाठवला तसा. पुढे त्या मासिकाचं कात्रणही बहिणीने पाठवलं. त्या आकड्याचा अर्थ काय असावा यावर टीकाकाराने परिच्छेदभर डोकेफोड केली होती.

पुस्तक मी हॉस्पिटलात नेलं. कॉरिडॉरमध्ये इजिप्शियन सर्जन भेटले. लांबूनच हसत विचारलं, "मदाम, त्या कोटाचं काय झालं?"

मी शेवटचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वरचा भाग डॉक्टर वाचतात तसा भराभर वाचला. चार सेंटिमीटरपाशी त्यांचं बोट थांबलं. "कधीची प्लेट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जूनची." मग त्यांनी खालचा भाग वाचला, सावकाश, ओठ हलवत, एकेका ओळीपाशी थांबत. कुणी सांगितलं नसताना बरोबर तिथेच श्वास घेत.

पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि ऑपरेशनला निघून गेले. त्यानंतर त्यांनी मला कोटाबद्दल कधी विचारलं नाही.